माहीत नाही म्हणणारे डॉक्टर

कॅन्सरच्या ट्रायलचा, म्हणजे नवीन उपचार पेशंटवर तपासून बघण्याचा, कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पूर्ण वाचावा असं माझं मत झालंय, आणि तेही घरात कुणी आजारी नसताना. कारण ज्याच्या हातात तो खराखुरा पडतो त्याची वाचायची अवस्थाच नसते. वीस-पंचवीस पानं असतात सहज. वर ट्रायलचं नाव, जे एका दमात म्हणून होत नाही. मग ट्रायल कोण करतंय, पैसे कोण देतंय, किती जणांना घेणार, कितीदा रक्त काढणार, काढलेलं रक्त कुठे आणि किती वर्षं ठेवणार. मग साईड इफेक्टच्या याद्या, खूप जणांना होणारे, काही जणांना होणारे, क्वचित पण गंभीर, आणि मृत्यू हा शब्दसुद्धा तिथे बाकीच्या शब्दांच्याच ओळीत बसलेला असतो, जुलाब आणि पुरळ यांच्यापासून फार लांब नाही. ट्रायलमध्ये जायचं नसेल तर दुसरे कुठले उपचार आहेत ते. कधीही, काहीही कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्याचा तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, ते. तक्रार असेल तर एथिक्स कमिटीत कुणाला फोन करायचा, ते. आणि या सगळ्या गर्दीत मध्येच कुठेतरी एक साधं वाक्य असतं, की या संशोधनात भाग घेतल्याने तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही.

माझ्या आत्याने त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. ती गणिताची शिक्षिका, आता रिटायर्ड, पण छापील कागद हातात आला की पेन्सिल शोधायची सवय काही गेलेली नाही. शेजारी समासात तिने लिहिलं होतं, "हे खरं बोलले."

तोपर्यंतचं थोडक्यात सांगते. ब्रेस्ट कॅन्सर निघाला, लवकर सापडला, हॉर्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हॉर्मोनवर वाढणाऱ्या प्रकारचा. फक्त गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढला, ब्रेस्ट तसंच ठेवलं. मग रेडिएशन. केमो लागली नाही, गाठीच्या जनुकांची एक टेस्ट केली तिचा स्कोअर कमी आला म्हणून. मग हॉर्मोनची गोळी, ती पुढे बरीच वर्षं घ्यायची. आणि इथे डॉक्टरांनी विचारलं की एक ट्रायल चालू आहे, नेहमीच्या गोळीसोबत एक नवीन गोळी, येताय का? निम्म्या पेशंटना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार, पेशंटला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही.

आत्याने जो प्रश्न कुणीही विचारला असता तोच विचारला. तुमच्या मते कुठलं बरं आहे हो, नवीन घेतलेलं की न घेतलेलं?

डॉक्टर म्हणाले, "माहीत नाही. माहीत असतं तर ट्रायल केलीच नसती."

घरी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. आतेभाऊ भडकला. त्याचं म्हणणं, कॅन्सरचा डॉक्टर आणि त्याला माहीत नाही? मग आपण तिथे जातो कशाला? आणि आईवर प्रयोग करायचेत का यांना? काका बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा तेच म्हणत होता. दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव निघालं, जे म्हणे अगदी ठामपणे सांगतात, हे घ्या, बरे व्हाल. ठाम बोलणारा डॉक्टर भेटला की घरच्यांना किती हायसं वाटतं ते मी तेव्हा बघत होते. आत्या शांतपणे म्हणाली, "अरे, ज्याला उत्तर येत नाही आणि तो तसं लिहितो, त्याला मी कधी शून्य मार्क दिले नाहीत. जो चुकीचं उत्तर ठासून लिहितो त्याला दिले."

त्यानंतर मी जरा वाचायला लागले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की आत्याच्या स्वतःच्या उपचारांचा इतिहासच मुळात ठाम बोलणाऱ्यांचा आणि माहीत नाही म्हणणाऱ्यांचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम हॉल्स्टेड नावाचे सर्जन होते. फार मोठा माणूस, आधुनिक सर्जरीतल्या कितीतरी गोष्टी त्यांच्यापासून सुरू झाल्या. त्यांनी ब्रेस्ट कॅन्सरसाठी जे ऑपरेशन रूढ केलं त्यात पूर्ण ब्रेस्ट, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी हे सगळं एकत्र काढायचं. तर्क सरळ होता, कॅन्सर मध्यापासून बाहेर बाहेर पसरत जातो, मग जेवढं लांबून कापाल तेवढं चांगलं. ऐकायला किती पटतं बघा. अजूनही कुणाला सांगितलं तर पटेल. आणि या पटण्याच्या जोरावर ते ऑपरेशन साधारण ऐंशी वर्षं चाललं. बायकांची छाती खोलगट व्हायची, हात सुजायचे, खांदा नीट वर जायचा नाही, आणि सर्जन लोकांना पूर्ण खात्री होती की हे केलं नाही तर बाई जगणार नाही. ते दुष्ट नव्हते हो. त्यांना खात्री होती, एवढंच.

मग पिट्सबर्गला बर्नार्ड फिशर म्हणून सर्जन. त्यांचं म्हणणं असं की कॅन्सरच्या पेशी रक्तातून फार लवकर इकडेतिकडे गेलेल्या असू शकतात, मग छातीचे स्नायू खरवडून काढल्याने काय साधणार? पण त्यांनी हे नुसतं म्हटलं नाही, त्यांनी ट्रायल लावली. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्या ट्रायलमध्ये सोळाशेहून जास्त बायका होत्या, काहींचं हॉल्स्टेडचं मोठं ऑपरेशन झालं, काहींचं स्नायू न काढता. पंचवीस वर्षांच्या फॉलोअपनंतरही जगण्यात फरक नाही. म्हणजे एवढी वर्षं जे स्नायू काढले ते उगाच काढले. मग १९७६ मध्ये पुढची ट्रायल, आता प्रश्न असा की ब्रेस्ट तरी पूर्ण काढायला हवं का? पूर्ण काढणं, फक्त गाठ काढणं, आणि गाठ काढून वर रेडिएशन देणं असे तीन गट. १,८५१ बायकांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच. फक्त ज्यांना रेडिएशन दिलं नव्हतं त्यांच्यात त्याच ब्रेस्टमध्ये परत गाठ येण्याचं प्रमाण ३९ टक्के, आणि रेडिएशन दिलं त्यांच्यात १४. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसींनी ७०१ बायकांची अशीच ट्रायल केली, निष्कर्ष तोच.

(मध्येच एक भानगड पण झाली. मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने फिशरच्या ट्रायल्समध्ये काही पेशंट बसवण्यासाठी नोंदी बदलल्या होत्या, ते १९९४ मध्ये बाहेर आलं आणि केवढा गदारोळ झाला. त्याचे सगळे पेशंट वगळून परत हिशोब केला तरी उत्तर तेच आलं. मला हा भाग आवडतो, कारण एकाच्या लबाडीने पडलं नाही इतकं ते उत्तर पक्कं होतं.)

आत्याची फक्त गाठ काढली आणि वर रेडिएशन दिलं, ते या ३९ आणि १४ मुळे. तिला हे सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं की त्या बायकांना काय सांगून घेतलं असेल? आणि हा खरंच अवघड प्रश्न आहे. १९७६ मध्ये एका बाईला सांगायचं की तुमचं ब्रेस्ट काढायचं की ठेवायचं हे चिठ्ठीने ठरेल, कारण आम्हाला माहीत नाही. बायकांचं सोडा, सर्जनच हे बोलायला तयार नव्हते. या ट्रायलमध्ये सर्जन आपले पेशंट का पाठवत नाहीत याची एक पाहणी १९८४ मध्ये छापून आली होती, तिच्यात ७३ टक्के सर्जन म्हणाले की याने डॉक्टर-पेशंटच्या नात्याला धक्का बसेल. आणि २२ टक्के म्हणाले की अनिश्चिततेबद्दल उघड बोलायलाच आवडत नाही. मला तर हे २२ टक्केच जास्त प्रामाणिक वाटतात.

केमो वाचली त्याचीही गोष्ट अशीच. टेलरएक्स नावाच्या ट्रायलमध्ये दहा हजारांहून जास्त बायका होत्या, २००६ ते २०१० मध्ये त्यात आल्या, निकाल २०१८ मध्ये. गाठीतल्या २१ जनुकांची टेस्ट करून स्कोअर काढायचा, आणि ज्यांचा मधला स्कोअर आला, अशा ६,७०० च्या वर बायका होत्या, त्यांना केमो द्यायची की नाही हे रँडम ठरवायचं. कॅन्सर झालाय आणि केमो मिळणार की नाही हे नशिबावर सोडायचं, विचार करा. निघालं असं की मधल्या स्कोअरच्या बहुतेक बायकांना, विशेषतः पाळी गेलेल्यांना, केमोचा काही जास्तीचा फायदा नाही. त्या हजारो अनोळखी बायकांमुळे माझ्या आत्याचे केस राहिले. आणि ते सहा महिने उलट्या, थकवा, इन्फेक्शनची भीती, सगळंच टळलं. त्यातल्या एकीचंही नाव आम्हाला माहीत नाही आणि कळणारही नाही.

आता ठाम बोलणाऱ्यांची दुसरी गोष्ट, जी वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या दशकात अशी कल्पना जोरात होती की केमो जर काम करते तर खूप खूप मोठा डोस द्यावा, एवढा मोठा की बोन मॅरोच, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा भागच संपेल, आणि मग आधीच काढून ठेवलेला पेशंटचाच मॅरो किंवा स्टेम सेल परत द्यायच्या. पुढे गेलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांना हे देऊ लागले. परत तेच, पटण्यासारखं. सुरुवातीचे आकडे छान दिसत होते, पण ते निवडलेल्या, बऱ्यापैकी धडधाकट पेशंटचे होते, आणि ज्यांना हे दिलं नव्हतं त्यांच्याशी नीट तुलना कुणीच केली नव्हती. तुलना करायला ट्रायल काढल्या तर पेशंट मिळेनात. का मिळतील? बाहेर हॉस्पिटल सरळ देतंय, मग चिठ्ठी काढून निम्मी शक्यता कोण घेईल? अमेरिकेत इन्शुरन्स कंपन्या म्हणाल्या हे अजून सिद्ध झालेलं नाही, तर लोक कोर्टात गेले, १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात एका ज्युरीने एका कंपनीला ८ कोटी ९० लाख डॉलर द्यायला लावले. काही राज्यांनी कायदे केले की हे कव्हर करायलाच हवं. सगळ्यांचा हेतू चांगला. तीस हजारांहून जास्त बायकांनी ट्रायलच्या बाहेर ही ट्रीटमेंट घेतली, आणि ट्रायलमध्ये मिळून जेमतेम हजारभर.

शेवटी १९९९ मध्ये निकाल एकत्र मांडले गेले. पाच ट्रायलपैकी चारांमध्ये फायदा दिसला नाही. एकच दक्षिण आफ्रिकेतली ट्रायल म्हणत होती की प्रचंड फायदा आहे. तिथे २००० मध्ये तपासणीला लोक गेले तेव्हा कळलं की डेटाच खोटा होता. म्हणजे हजारो बायकांनी ते सगळं सोसलं, काहीजणी तर कॅन्सरने नाही तर त्या ट्रीटमेंटनेच गेल्या, आणि हातात आलं शून्य. आणि हे उत्तर कितीतरी आधी मिळालं असतं. पुरेशा लोकांना 'आम्हाला माहीत नाही' हे सहन झालं असतं तर.

आतेभावाला मी ही गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ठीक आहे, पण मग माझ्याच आईने का?" याला उत्तर नाही. म्हणजे उत्तर आहे, पण ते मुलाला देण्यासारखं नाही.

चिठ्ठीबद्दल बोलायचं राहिलं. रँडमायझेशन हे लोकांना सगळ्यात जास्त खुपतं, आणि आत्याला नेमकं तेच सगळ्यात आवडलं, गणितवाली ना. तिने मला जे समजावलं ते असं. डॉक्टरने स्वतः निवडलं तर तो नकळत ज्याची तब्येत बरी त्याला नवीन औषध देईल, किंवा दया येऊन जो जास्त आजारी त्याला देईल. दोन्हीकडून तुलना बिघडली. चिठ्ठीला दया नाही आणि आशा पण नाही. वय, वजन, हिंमत, घरची परिस्थिती, शिवाय ज्या गोष्टी आपल्याला मोजायच्या आहेत हे माहीतसुद्धा नाही त्या, सगळ्या दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. मी म्हटलं, अगं पण क्रूर वाटतं. ती म्हणाली, "वाटतं. पण ज्याला आतून माहितीये की हे औषध चांगलं आहे त्याने चिठ्ठी काढणं क्रूर. ज्याला खरंच माहीत नाही त्याने चिठ्ठी न काढता अंदाजाने देणं, ते काय मग?"

या पद्धतीचं आजच्या रूपातलं पहिलं मोठं उदाहरण कॅन्सरचं नाही, टीबीचं आहे. लंडनला ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाचे आकडेतज्ज्ञ होते, त्यांनी आखलेली स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल १९४८ मध्ये छापून आली. युद्धानंतरचा काळ, औषध अगदी थोडं मिळालेलं, सगळ्यांना पुरणारच नव्हतं. मग बंद पाकिटात आधीच ठरवलेलं. ५५ जणांना औषध, ५२ जणांना फक्त बेडरेस्ट. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले ४ गेले, दुसरीकडचे १४. इतकं स्वच्छ उत्तर. पण त्या ५२ जणांना आपण कुठल्यातरी ट्रायलमध्ये आहोत हे सांगितलंसुद्धा नव्हतं! त्याच सुमाराला, १९४७ मध्ये, नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून न्यूरेंबर्ग कोड आला होता आणि त्याचं पहिलंच कलम होतं की माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती पाहिजेच पाहिजे. तो नियम सगळीकडे खराखुरा लागू व्हायला मात्र फार वेळ गेला, आणि मधल्या काळात बऱ्याच लाजिरवाण्या गोष्टी झाल्या. वीस पानी फॉर्मला आपण नावं ठेवतो तेव्हा हे आठवावं. त्यातलं जवळजवळ प्रत्येक पान कुठल्यातरी पेशंटला न सांगितल्यामुळे आलेलं आहे.

आत्याची ट्रायल फेज तीनची होती, म्हणजे औषध बऱ्यापैकी तपासून झालेलं, आता फक्त तुलना. ज्यांचे सगळे उपचार संपलेत अशा लोकांना बहुतेकदा फेज एक विचारतात आणि ती वेगळीच गोष्ट आहे, तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. फेज एकचा मुख्य प्रश्न औषध बरं करतं का हा नसतोच. प्रश्न असतो की माणसाला किती डोस झेपतो. जुनी पद्धत अशी की तीन पेशंटना छोटा डोस, सोसला तर पुढच्या तिघांना जरा मोठा, असं वर वर जायचं, त्रास फार झाला की थांबायचं. म्हणजे जे लवकर येतात त्यांना डोस कदाचित कामाचाच नाही इतका कमी मिळतो, आणि जे उशिरा येतात त्यांना सगळ्यात जास्त त्रास. अमेरिकेतल्या १९९१ ते २००२ मधल्या ४६० फेज एक ट्रायल्सचा, जवळजवळ १२,००० पेशंटचा हिशोब २००५ मध्ये आला होता, त्यात गाठ लक्षात येण्याइतकी लहान झाली असे साधारण १०-११ टक्के, आणि औषधाच्या त्रासाने गेले ते अर्धा टक्का. दहातला एक. हे कमी की जास्त ते प्रत्येकाने आपलं ठरवावं, पण आकडा माहीत असावा.

आणि मग एखादं औषध असं येतं की सगळ्यांचे हिशोब चुकतात. एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरवर, सीएमएलवर, इमॅटिनिबची फेज एक १९९८ मध्ये सुरू झाली. ज्यांच्यावर जुनी औषधं चालेनाशी झाली होती असे पेशंट. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मलला आलं. २००१ मध्ये औषध मंजूर. ज्याने कुणी ही बातमी ऐकली त्याला वाटणारच की माझी ट्रायल पण अशीच निघेल. पण अशा औषधांच्या गोष्टी लिहिल्या जातात म्हणून त्या जास्त वाटतात. बऱ्याच मोठ्या रँडम ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, २०१२ मध्ये असा ७४३ ट्रायल्सचा आढावा आला होता, तर नवीन उपचार जुन्यापेक्षा बरा निघण्याचं प्रमाण निम्म्याहून जरासं जास्त. आणि खूपच बरा निघाला असं क्वचित. मला वाटतं हे अगदी बरोबर आहे. याहून फार जास्त असतं तर डॉक्टर खोटं बोलत होते, त्यांना माहीत होतं असा अर्थ झाला असता.

आत्याने सही केली. का केली ते ती घरात कुणाला समजावत बसली नाही. मला एकदा म्हणाली की समाजसेवा वगैरे नाही हां, मला उत्सुकता आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवला, अर्धा.

ट्रायलमध्ये राहणं प्रत्यक्षात कसं असतं तर बऱ्यापैकी कंटाळवाणं. बाटलीवर औषधाचं नाव नाही, नंबर. दर व्हिजिटला बाटली परत न्यायची, उरलेल्या गोळ्या रिसर्च नर्स मोजणार. डायरीत लिहायचं, आज काय त्रास झाला, किती वाजता गोळी घेतली. त्रासाला पण ग्रेड असतात, एक म्हणजे किरकोळ, चार म्हणजे जिवावरचा, आणि पाच म्हणजे गेला. आत्याला या पाचव्या ग्रेडची फार गंमत वाटायची, म्हणायची पाच मिळाले तर डायरी कोण लिहिणार. नेहमीपेक्षा जास्त रक्त, जास्त स्कॅन, जास्त फेऱ्या. पण त्याबरोबर नर्सचा थेट फोन नंबर, आणि कुणीतरी दर वेळी नीट बसून विचारणार की बाई, झोप कशी आहे, सांधे दुखतात का. काका म्हणायचे हाच खरा फायदा. त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. मात्र हेही आहे की एवढं येणं-जाणं ज्यांना जमतं, रजा मिळते, सोबत कुणी असतं, तेच ट्रायलमध्ये येतात. फार म्हातारे, ज्यांना सोबत हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे असे, हे बहुतेकदा नियमातच बसत नाहीत. आणि औषध मंजूर झालं की मिळतं मात्र त्यांनाच जास्त, कारण कॅन्सर मुळात उतारवयातच जास्त होतो.

घरच्यांचा मात्र वेगळाच खेळ चालायचा, खरी गोळी की खोटी ओळखायचा. जरा गरम वाफा आल्या, घाम फुटला, की आतेभाऊ खूष, बघ खरी आहे! आत्या म्हणायची अरे हॉर्मोनच्या गोळीने पण येतात, ती तर सगळ्यांनाच आहे. मग पुढचा महिना काही त्रास नाही तर तो उतरलेला. त्याला कुणी सांगितलं की खरीच निघाली तरी ती चांगली आहे हे अजून ठरायचंय, की तो गप्प बसायचा आणि पुढच्या वेळी परत तेच. या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक वेगळी कमिटी असते, ट्रायल चालवणाऱ्यांपासून लांबची, तिला तेवढे कुणाला काय मिळतंय त्याचे आकडे मध्ये मध्ये दिसतात आणि एका बाजूला स्पष्ट फायदा किंवा नुकसान दिसलं तर ती ट्रायल थांबवायला सांगू शकते. हर्सेप्टिन या ब्रेस्ट कॅन्सरच्या औषधाच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये २००५ मध्ये मधल्या हिशोबातच फायदा इतका उघड दिसला की औषध न मिळालेल्या गटातल्या बायकांना पण ते घ्यायची मुभा दिली. आत्याच्या ट्रायलमध्ये तसला काही फोन आला नाही.

एक गोष्ट मला या सगळ्यात खटकते ती सांगते. कुठला प्रश्न विचारायचा हे बहुतेक वेळा औषध कंपनी ठरवते, कारण खर्च तिचा. आणि कंपनी कधी असा प्रश्न विचारेल का की आमचं औषध कमी दिलं तर चालेल का? असे प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारावे लागतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचारला होता. निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं औषध, तोंडाच्या आणि घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये, नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, बाकीच्या गोळ्यांसोबत. २०२२ मध्ये निकाल आला, एका वर्षानंतर हयात असलेले १६ टक्क्यांवरून ४३ टक्के. त्यांचीच आणखी एक, ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनच्या जरा आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचायचं, दात काढताना भूल देतात ना, तेच. १,५८३ बायका, पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. या औषधाची ट्रायल करून कुठल्या कंपनीला काय मिळणार होतं?

आत्याच्या गोळ्या संपल्या. तब्येत चांगली आहे, आता फक्त फॉलोअप, हॉर्मोनची गोळी चालू. तिला खरी मिळाली की रिकामी ते अजून माहीत नाही. आतेभावाने विचारायचं सोडून दिलंय.

पण आत्याने नाही सोडलं. तिला स्वतःचं नाही कळलं तरी चालेल, पण ट्रायलचं उत्तर काय आलं ते हवंय. हेलसिंकी डिक्लरेशन म्हणजे माणसांवरच्या संशोधनासाठी जगभरच्या डॉक्टरांनी ठरवलेली नीतितत्त्वं, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत हे सरळ लिहिलंय की भाग घेतलेल्या सगळ्यांना निकाल जाणून घ्यायचा पर्याय द्यायला हवा. प्रत्यक्षात बऱ्याच ट्रायल्सचे निकाल कॉन्फरन्समध्ये जाहीर होतात, जर्नलमध्ये येतात, शेअर बाजाराला कळतात, आणि ज्यांनी गोळ्या गिळल्या त्यांना कुणी साधं पत्र पाठवत नाही. कोऑर्डिनेटर बदलत राहतात. प्रत्येक व्हिजिटला आत्या नवीन माणसाला तेच विचारते, निकाल लागला की मला कळवणार ना, आणि तो म्हणतो हो मॅडम, नक्की. ती म्हणते लिहून घ्या. तो लिहितो. मग ती वाकून बघते काय लिहिलंय ते, आणि परवा तर स्पेलिंग सुधारायला लावलं.